झरीपासून मानशीपर्यंत: सव्वाशे वर्षांपूर्वीचं गोव्यातलं गाव

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं गोव्यातलं गाव आजही पाहता येतं, पण ते एका जागी अख्खं उरलेलं नाही. कुठे कुळागर टिकलं, कुठे देवळाची तळी, कुठे खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीचा, बांध. म्हणून वाट पाण्याच्या उताराने आखली. फोंड्याच्या डोंगरातल्या झरीपाशी सुरुवात करायची, देवळांवरून मांडवीच्या काठच्या खाजनात उतरायचं आणि शेवटी सासष्टीत जुनी अवजारं पाहायची. दिवस कार्तिक-मार्गशीर्षाचे धरावेत. पाऊस सरलेला असतो, पाटांची डागडुजी चालू असते आणि पोफळीचे घोस पिकायला लागलेले असतात.

निघण्याआधी एक गोष्ट पक्की ठेवली तर पुढचं सगळं नीट कळतं. तिसवाडी, बार्देस आणि सासष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेले प्रदेश, सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांकडे होत्या. फोंडा १७६३ मध्ये त्यांच्याकडे गेला, पेडणे १७८८ मध्ये. त्यामुळे १८८० च्या सुमारास दहा कोसांवरच्या दोन गावांत कायदा एका सरकारचा असला, तरी देव, दफ्तराची भाषा आणि घराची ठेवण वेगवेगळी होती.

पहिला दिवस: सावईवेरे

फोंड्याहून उत्तरेला सावईवेऱ्याकडे निघालं की रस्ता दाट झाडीत उतरतो. सकाळी लवकर पोचावं, कारण पाटाचं काम उन्हं चढायच्या आत होतं.

कुळागर म्हणजे उतारावरची बाग. वर पोफळ आणि माड, पोफळीवर चढवलेले मिरीचे आणि पानाचे वेल, खाली केळी, कडेला फणस, आंबा आणि भिरंड (कोकम). हे सगळं उभं राहतं ते झरीच्या पाण्यावर. पावसाळ्यात शिंपावं लागत नाही. कार्तिकापासून वैशाखापर्यंत मात्र पाट चालू ठेवावा लागतो. झरीचं पाणी आधी तळीत साठवतात. रात्रभर भरलेली तळी सकाळी सोडली की पाण्याला जोर येतो. झर थेट पाटात सोडली तर बारीक धार वाटेतच जिरते.

पाटाचा उतार हे खरं कसब. उतार जास्त झाला तर पाणी माती खरवडून नेतं, कमी झाला तर गाळ बसून पाट भरतो. दरवर्षी पावसानंतर पालापाचोळा काढायचा, खेकड्यांची बिळं चिकणमातीने बुजवायची आणि कड चोपून घ्यायची. एक बीळ राहिलं तरी रात्रीतून तिथे भगदाड पडतं आणि खालच्या माणसाची बाग कोरडी राहते. एका पाटावर अनेक घरांची कुळागरं असल्यामुळे पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असत. भावांमध्ये बाग वाटली गेली की पाळीही वाटली जाई. जमिनीचा वाटा मिळाला आणि पाळी मिळाली नाही, तर त्या जमिनीला फारशी किंमत राहत नसे.

सुपारी नारिंगी पिकली की घोस उतरवतात. पाडेली एका पोफळीवर चढतो, शेंडा झोकाळून शेजारची पोफळ पकडतो आणि खाली न उतरता पुढे सरकतो. पोफळी एकमेकींपासून कुठे किती अंतरावर लावायच्या, हे ठरवताना याचाही विचार होत असे. सुपारी खळ्यात सुमारे चाळीस दिवस वाळवतात आणि रोज हलवून पालटतात. हलवल्यावर सालीच्या आत खुळखुळली की ती सोलायला तयार झाली. मधे अवकाळी पाऊस पडला किंवा ती दवात उघडी राहिली, तर आतून बुरशी धरते आणि वरून कळतही नाही. घरात रोख पैसा येई तो सुपारी, नारळ आणि मिरीतून. भात बहुतेक खाण्यात आणि देण्याघेण्यात जाई. तेव्हाचा रुपया १६ टांगांचा आणि टांग ६० रेयांची, म्हणजे रुपयाचे ९६० रेय.

दुपारी घर पाहावं. या भागातल्या जुन्या घरांची मांडणी साधारण एकच असते. चिऱ्याचा उंच चौथरा, पुढे ओसरी, मग सोपा, मधे राजांगण आणि त्यात तुळशीवृंदावन. राजांगणाभोवती माजघर, देवघर, कोठी आणि रांधप, म्हणजे स्वयंपाकघर. मागे न्हाणी, विहीर, गोठा आणि पोरसूं, म्हणजे परसबाग. सोप्यापर्यंत परका पुरुष येई, माजघरापर्यंत आप्त, देवघर आणि रांधपात घरचेच. बाळंतिणीची खोली आत, अंधारी, एखाद्या झरोक्याची. थंडीवाऱ्यापासून आणि विटाळापासून जपायचं म्हणून ती तशी बांधत. धूर कोंडायचा आणि हवा खेळत नसे. त्याची झळ आई आणि मूल दोघांनाही बसे. घराचं कौतुक करताना ही खोली वगळू नये.

छपराकडे जरूर पाहावं. १८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला आणि पुढच्या काही दशकांत चपटी मंगळुरी कौलं किनाऱ्याने सगळीकडे पोचली. त्याआधीची कुंभाराने केलेली अर्धगोल नळ्याची कौलं दरवर्षी परतावी लागत. माकडं आणि वारा ती सरकवत, एक सरकलं की वासा भिजे आणि वाळवी लागे. गरिबाच्या घरावर कौल नव्हतंच, विणलेली माडाची चुडतं होती. तीही वर्षाला बदलायची.

रांधपाच्या मागे तांब्याचं मोठं भाण दिसलं तर थांबावं. घरातल्या बायकांचा सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम, उकडे तांदूळ, तिथूनच सुरू होई. संध्याकाळी भात भाणात भिजत घालायचं. पहाटे चुलीवर चढवून टरफल टोकाशी उकलेपर्यंत उकडायचं. मग पाणी काढून मांदरीवर (चटईवर) पातळ पसरायचं आणि सारखं हात फिरवत राहायचं. कडक उन्हात एकदम वाळवलं तर दाण्याला चीर जाते आणि कांडताना कणीच जास्त पडते. ओलसर राहिलं तर वास धरतं. म्हणून पहिलं ऊन थोडं द्यायचं, सावलीत निववायचं आणि पुन्हा ऊन द्यायचं. वाळलेलं भात व्हायनात, म्हणजे जमिनीतल्या उखळात, घालून दोघी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ घालत. ताल चुकला की मुसळावर मुसळ आपटे. पाखडून कोंडा गुरांना, कणी पेजेला किंवा पिठाला, तांदूळ कोठीत. पंधरा-वीस माणसांच्या घरात हे काम एकदा करून भागत नसे. बियाण्याचं भात मात्र कोठीत न ठेवता गवताच्या दोरांनी घट्ट आवळलेल्या मुडीत बांधत आणि चुलीचा धूर लागेल असं टांगत, म्हणजे किडीला थारा मिळत नसे.

हे पंधरा-वीस जणांचं घर कायद्यालाही ठाऊक होतं. १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला. हिंदूंच्या चालीरीतींसाठी १८८० मध्ये वेगळी संहिता आली. एकत्र कुटुंब, दत्तक आणि लग्न हे विषय तिच्यात घेतले गेले. दुसरी बायको करायला तिने अटी घातल्या. पहिल्या बायकोला वयाच्या पंचविशीपर्यंत मूलच झालेलं नसावं, किंवा तिशी पुरी होऊनही मुलगा झालेला नसावा. अट पाहिली की मुलगा नसलेल्या बाईचं घरातलं स्थान काय होतं, ते लगेच कळतं. वंश, वाटा आणि देवाचा मान मुलाकडून पुढे जायचा, आणि कायद्यानेही ते गृहीतच धरलं.

दुसरा दिवस: बांदोडे आणि कवळे

बांदोड्याला नागेशीची तळी सकाळच्या उन्हात पाहावी. देवळाच्या आवारात शके १३३५ चा, म्हणजे इसवी सन १४१३ चा, दानाचा शिलालेख आहे. सभामंडपात रामायणातल्या प्रसंगांचं लाकडी कोरीवकाम आहे. नागेश हा इथलाच मूळचा देव. जवळच कवळ्याची शांतादुर्गा केळशीहून आलेली. म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याची आणि मंगेशीचा मंगेश कुठ्ठाळीचा. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादीत देवळं पाडली गेली तेव्हा हे देव खाडी ओलांडून फोंड्यात आले. त्यामुळे एकाच परिसरात दोन थर झाले. एक गावाचे आपले देव, सातेरी, रवळनाथ, वेताळ आणि वाटेवरचा राखणदार. दुसरे कुळांबरोबर आलेले देव, ज्यांचे महाजन, म्हणजे देवळाचे वंशपरंपरेचे हक्कदार, वेगवेगळ्या गावी राहतात आणि जत्रेला येतात. हा फरक लक्षात घेतल्याशिवाय फोंड्यातल्या गावाचं राजकारण कळायचं नाही.

महाजन कोण, देवळाचा पैसा कोणी सांभाळायचा, हिशेब कोणाला दाखवायचा, यासाठी सरकारने १८८६ मध्ये देवस्थानांचा नियम केला. तोपर्यंत रूढीने चाललेलं काम कागदावर आलं. पूर्वी भांडण देवापुढे मिटवत. आता ते प्रशासनाच्या कचेरीतही नेता येऊ लागलं. देवापुढचा निवाडा आजही पाहायला मिळतो. मूर्तीच्या अंगावर ठरलेल्या जागी ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं सांगतात आणि वाट पाहतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न ठरवणं, मुंबईला जाणं, भावांची वाटणी, सगळ्याला हा प्रसाद लागे. त्या वेळी मंडपात शांत उभं राहावं, फोटो काढू नये.

देवळाभोवती फिरताना वाडे मोजत जावं. देऊळवाडा, भटवाडा, गावडेवाडा, सुतारवाडा, कुंभारवाडा आणि गावकुसाबाहेर म्हारवाडा. प्रत्येकाचं काम ठरलेलं. भट पूजा करी, गुरव देवळाची सेवा, देवळी चौघडा वाजवी, म्हालो हजामत करी आणि पालखीपुढे दिवटी धरी, मडवळ कपडे धुई आणि मखराला कापड बांधी, च्यारी नांगराचा फाळ घडवी. मोबदला रोख फारसा नसे. हंगामाला भात मिळे, आणि काहींना नमशीची जमीन, म्हणजे सेवा चालू असेपर्यंत कसायची जमीन. सेवा सुटली की जमीन गेली. त्यामुळे सुताराच्या मुलाला सुतारकी सोडणं म्हणजे पोट सोडणं होतं.

भाविणी आणि कलावंतिणी याच व्यवस्थेत बांधल्या गेल्या. दिवाबत्ती, झाडलोट, पालखीपुढचं गाणं हे त्यांचं काम. शेंस विधी करून मुलगी देवाला वाहिली की तिला लग्न नाही, आणि तिच्या मुलांना बापाच्या घरात वाटा नाही. गोव्याच्या संगीताचं मोठं धन या घरांनी जपलं, आणि त्यांच्यावर झालेला अन्यायही तेवढाच मोठा. देवळातल्या कलेबद्दल बोलताना हे दोन्ही एकाच श्वासात सांगायला हवं.

शाळा म्हणजे शेणयमाम, गावचा पंतोजी. देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या उतरण्याच्या जागेत) किंवा एखाद्या मोठ्या घराच्या सोप्यावर पोरं बसत. पुढ्यात धुळपाटी, म्हणजे लाकडी फळीवर पसरलेली बारीक धूळ. बोटाने अक्षर काढायचं, मामाने पाहिलं की हाताने पुसायचं. आधी बाराखडी, मग मोडी, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. हे पाठ असलं की बाजारातला हिशेब तोंडी होई. पोर्तुगीज मात्र इथे मिळत नसे, आणि कचेरीत तीच लागे. मुलींना आणि खालच्या मानलेल्या जातींना ही धूळही क्वचितच मिळाली. धर्मानंद कोसंबी १८७६ मध्ये साखवाळला जन्मले, घरच्या माडांची देखभाल करत वाढले आणि १८९९ मध्ये विद्येसाठी घराबाहेर पडले. पुढे ते पाली आणि बौद्ध धर्माचे विद्वान झाले. अशा गावात हुशार मुलाला शिकायचं तर गाव सोडण्यावाचून वाट नव्हती.

गावचा मांड दाखवायला कोणी भेटलं तर जरूर पाहावा. साधी मोकळी, सारवलेली जागा असते. पौषातल्या चांदण्यात इथे बायकांचे धालो होतात, दोन रांगा समोरासमोर, हात गुंफून, पुढे-मागे झुलत. फाल्गुनात इथेच शिगम्याचं नमन. चपला काढूनच आत जावं.

तिसरा दिवस: दिवाडी

जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीला जायचं. आदल्या दिवशी भरती-ओहोटीची वेळ पाहून ठेवावी, कारण मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, पाहायची ती पाणी फिरताना. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त चढतं-उतरतं आणि काम स्पष्ट दिसतं. भांगाच्या, म्हणजे मंद भरतीच्या, दिवसांत दार जेमतेम हलतं.

खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी, पण बांध घालून राखलेली शेतजमीन. नदीकडे मुख्य बांध: खाजनातलाच चिकट चिखल, मधे भाताचा पेंढा आणि बांबू, बाहेरून चिऱ्याचे दगड, आणि त्यापुढे लाटांचा मार खायला तिवरांची रांग. बांधात एका जागी मानस. चिऱ्याची भिंत, त्यात लाकडी दारं, नदीच्या बाजूला उघडणारी. भरती आली की बाहेरचं पाणी दार दाबून बंद करतं. ओहोटीला बाहेरची पातळी खाली गेली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. माणसाने हात लावायची गरज नाही. मानशीच्या आत पोंय, म्हणजे खोल डोह. त्यातून खळाळून जाणाऱ्या पाण्याचा जोर मोडतो आणि दार बंद असताना शेतांतून उतरलेलं पाणीही तिथे थांबतं.

बिघडतं कुठे? दारात ओंडका किंवा केळीचा खुंट अडकला तर दार फटीएवढं उघडं राहतं आणि एका भरतीत खारं पाणी आत शिरतं. लाकूड पोखरणारे किडे दाराला खालून खातात, वरून ते शाबूत दिसतं. बांधाला खेकड्याचं बीळ पडलं की उधाणाच्या रात्री त्याचा ओढा होतो. म्हणून बांधावर राखणदार फिरता ठेवत आणि पावसाआधी चिखलाचा नवा थर चढवत. फुटलेला बांध त्याच आठवड्यात बुजवला नाही तर पुढचे पावसाळे मीठ धुण्यातच जातात. आजच्या कित्येक पडीक खाजनांची कथा इथूनच सुरू होते: कोणी मासळीसाठी दार मुद्दाम उघडं ठेवलं, कोणी बांधाची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली. तिवरांनी भरलेलं जुनं शेत पाहिलं की पोटात तुटतं.

पेरणीची रीतही खाजनाचीच. उन्हाळ्यात ढेकळं उलटून ठेवायची, पहिल्या पावसांना मीठ धुऊ द्यायचं, मग मोड आलेलं बी फेकायचं. कोरगुट आणि असगो ही भातं थोडा खारेपणा सोसतात. कोरगुट उंच वाढतं आणि साधारण चार महिन्यांत हाताशी येतं. घाई करून पहिल्याच सरीवर पेरलं तर मोड जळतात. वरच्या बाजूला खेर आणि त्याहून वर मोरड जमीन. खेरात शरद (पावसाळी) आणि वायंगण (पावसानंतरचं) अशी दोन पिकं निघत, मोरडात पावसावरचं एकच.

हे सगळं राखायची गावकरी, म्हणजे गावकारांची सामाईक संस्था. गावकार म्हणजे मूळ वसाहतकऱ्यांचे पुरुषवंशज, वांगडांमध्ये, म्हणजे कुळांच्या गटांमध्ये, विभागलेले. बैठकीत बोलण्याचा आणि मानाचा क्रमही वांगडाने ठरे. या रूढी पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, लिहून घेतल्या. शेतं दर तीन वर्षांनी पावणीला, म्हणजे लिलावाला, काढत. जास्त बोलेल त्याला तीन वर्षं शेत. मानशीवरची मासळी धरण्याचा हक्कही लिलावात जाई. जमलेल्या उत्पन्नातून सरकारचा सारा, बांधदुरुस्ती, देवकार्य किंवा चर्चचं फेस्त आणि गावसेवकांचा वाटा काढायचा. उरलेलं गावकारांत वाटायचं, ती जोण. कोणत्या वयापासून मुलाला जोण मिळेल हे गावागणिक वेगळं, पण मुलीला नाही. गावात पिढ्यान्‌पिढ्या राहून राबणाऱ्या मुंडकारालाही नाही. तो भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत झोपडी बांधून राही, माड राखी, हाक मारली की कामाला जाई. घरातून हुसकण्यापासून त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं ते थेट १९७५ मध्ये.

परतताना रायबंदरच्या रस्त्याने पणजीकडे आलं की कडेला मिठागरं लागतात. मीठ जानेवारीनंतर धरतं, त्यामुळे या दिवसांत फक्त वाफे आणि बांध दिसतील. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोव्यातलं मीठ इंग्रजांच्या नियंत्रणाखाली गेलं. करार बारा वर्षं चालला. मिठागरावर जगणाऱ्या वाड्यांचा रोजगार आटला आणि घरातल्या वापराचं मीठही महागलं. त्याच करारातून मुरगावची रेल्वे आली आणि १८८८ पर्यंत रूळ घाट चढून कॅसलरॉकला भिडले. गावातली तरणी माणसं मुंबईला निघाली. ख्रिश्चन मंडळी आपापल्या गावाच्या कुडीत, म्हणजे मुंबईतल्या गावाच्या सामाईक बिऱ्हाडात, उतरत, हिंदू नातेवाइकांकडे. तिथून आलेल्या पैशांतून घरावर मंगळुरी कौलं चढली आणि देवळाला समया आल्या. दिवाडीवरच्या जुन्या घरांची उंची आणि रुंद बाल्कांव (दारापुढचे बसायचे ओटे) पाहताना हा पैसा ध्यानात ठेवावा. नुसत्या भातशेतीवर ती उभी राहिलेली नाहीत.

चौथा दिवस: लोटली आणि बाणावली

लोटलीला जुन्या गोमंतकीय गावाची प्रतिकृती उघड्यावर मांडलेली आहे. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तिथे तासभर काढावा. धंदे आणि घरं एका नजरेत येतात. मात्र ते मुख्यतः सासष्टीतलं गाव आहे. फोंड्यातलं गाव असंच असेल असं समजू नये.

बाणावलीच्या गोवा चित्रा संग्रहालयाला मात्र अर्धा दिवस द्यावा. इथली अवजारं वापरून झिजलेली आहेत, आणि झीज कुठे पडली तेच पाहायचं असतं. घाण्याच्या लाटेचं खालचं टोक, रगड्याच्या वाटीची एक बाजू, जुवावरची बैलाच्या मानेची जागा. नांगर हलका का, तर खाजनाच्या चिखलात जड नांगर बैलासकट रुततो. चिखलणीनंतर जमीन सपाट करायचा गुटो आडवा आणि रुंद असतो, कारण खाजनात वीतभर उंचवटा राहिला तरी तिथलं भात पाण्याविना करपतं आणि खोलगट जागी कुजतं. भात मोजायची लाकडी मापंही नीट पाहावीत. वीस कुडवांची खंडी हा हिशेब सगळीकडे चाले, पण माप काठोकाठ भरायचं की शिगोशीग, यावर कुळ आणि भाटकार यांच्यात खळ्यावरच वाद होत. म्हणून मापाची वरची कड सपाट करायची फळी मापासोबतच ठेवलेली असे. ती कोणाच्या हातात असायची, हे तिथल्या माहीतगाराला अवश्य विचारावं.